घोडा मागे ओढला की आत काय होतं?

दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवतं? लाल कागदाची गुंडाळी आत बसवायची, झाकण लावायचं आणि अंगणभर फट् फट् करत पळायचं. चाप ओढला की गुंडाळी एक टिकली पुढे सरकायची आणि घोडा नेमका त्या टिकलीवर आपटायचा. कधी तो दोन टिकल्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावर पडायचा, नुसताच टक् आवाज यायचा आणि आपण हिरमुसायचो. ज्या मुलाने ते पिस्तूल खोलून पाहिलं असेल त्याला आत चापाबरोबर हलणारं पत्र्याचं एक बोट दिसलं असेल. गुंडाळी पुढे ढकलायचं काम त्या बोटाचं. त्याची वेळ चुकली की टिकली चुकते.

ही कागदी पट्टी मुळात खेळण्यासाठी जन्मलेली नाही. एडवर्ड मेनार्ड नावाच्या वॉशिंग्टनच्या एका दंतवैद्याने १८४५ मध्ये खऱ्या बंदुकीसाठी अशा टिकल्यांच्या पट्टीचं पेटंट घेतलं होतं. दमट हवेत पट्टी दगा द्यायची, म्हणून लष्कराने ती सोडून दिली. खेळण्यांनी मात्र तीच कल्पना उचलली. म्हणजे दर दिवाळीला आपली मुलं एकोणिसाव्या शतकातला एक अवघड प्रश्न हातात घेऊन हुंदडत असतात: एक बार झाला, आता पुढचा बार नेमक्या जागी, नेमक्या क्षणी आणायचा कसा?

या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत देखणं उत्तर रिव्हॉल्व्हरच्या पोटात आहे. अमेरिकेत अनेक हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये एक टेबल मांडून हे पोट उघडायला, समजून घ्यायला आणि दुरुस्त करायला शिकतात. पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याला तिकडे गनस्मिथ म्हणतात. हौशी माणूस त्या विद्येची बाराखडी गिरवतो. त्या बाराखडीतली पहिली काही अक्षरं आपण इथे वाचू. त्यासाठी हातात शस्त्र घ्यायची गरज नाही, थोडी कल्पनाशक्ती पुरेशी आहे.

कलकत्त्याच्या वाटेवर

गोष्ट सुरू होते ती एका जहाजावर. १८३० मध्ये हार्टफर्ड गावचा सोळा वर्षांचा सॅम्युएल कोल्ट बॉस्टन बंदरात ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर चढला. जहाज निघालं होतं कलकत्त्याला. या प्रवासात त्याने खिशातल्या चाकूने लाकूड कोरून फिरत्या पिस्तुलाचा एक नमुना तयार केला. जहाजाचं सुकाणूचक्र कसंही फिरवलं तरी ते एका ठरावीक जागी अडवून ठेवता येतं, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. काही जण चक्राऐवजी नांगर ओढायच्या रहाटाचं नाव घेतात. यात दंतकथा किती आणि खरं किती हे बाजूला ठेवू, पण त्याच्या हातचे लाकडी तुकडे हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाने जपून ठेवले आहेत.

फिरती घरं असलेली हत्यारं कोल्टच्या आधीही होती. एलिशा कॉलियर या अमेरिकन माणसाने १८१८ मध्ये चकमकीवर चालणारं असं हत्यार काढलं होतं, पण ही घरं ज्यात कोरलेली असतात ते सिलिंडर प्रत्येक बारानंतर हाताने फिरवावं लागे. कोल्टचं डोकं चाललं ते इथे. घोडा मागे ओढण्याच्या एकाच हालचालीत सिलिंडर एक घर पुढे सरकलं पाहिजे आणि तिथेच घट्ट अडकलं पाहिजे, ही त्याची कल्पना. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं. पॅटर्सन गावातला पहिला कारखाना बुडाला. १८४७ मध्ये टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर या कॅप्टनमुळे सरकारची एक हजार नगांची मागणी आली, तेव्हा कोल्टकडे स्वतःचा कारखानाही उरलेला नव्हता. ते काम त्याने एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात करून घेतलं.

मग आलं १८५१ चं ‘नेव्ही’ मॉडेल. सहा घरं, .३६ कॅलिबर, साडेसात इंचांची अष्टकोनी नळी, वजन सव्वा किलोच्या आत. एकट्या हार्टफर्डमध्ये ही रिव्हॉल्व्हर दोन लाखांहून जास्त बनली. तिच्या सिलिंडरभोवती जहाजांच्या लढाईचं एक चित्र आहे आणि तारीख कोरलेली आहे, १६ मे १८४३. टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोच्या आरमाराशी केलेल्या लढाईची ती तारीख. टेक्सासने कोल्टच्या पडत्या काळात त्याची हत्यारं विकत घेतली होती, त्याची ही आठवण. चित्र कोरलं वॉटरमन ऑर्म्सबी याने. तो बँकेच्या नोटांचे ठसे कोरणारा कारागीर होता. नोटेची नक्कल करणं जितकं अवघड, तितकंच रिव्हॉल्व्हरची नक्कल करणंही अवघड व्हावं, हा त्यामागचा हिशोब.

नवशिक्याने इथूनच का सुरुवात करावी?

आजचे बरेच हौशी लोक शिकायला सुरुवात करतात ती याच नेव्हीच्या नव्याने बनवलेल्या प्रतिकृतीपासून. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यादवी युद्धाच्या शताब्दीचे वेध लागले आणि जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतींना मागणी आली. त्या बनू लागल्या इटलीत, ब्रेशियाच्या परिसरात. बेरेटा घराणं ज्या खोऱ्यात १५२६ पासून बंदुकीच्या नळ्या घडवत आलंय, तोच हा भाग. उबेर्ती आणि पिएत्ता या तिथल्या दोन नावांनी अमेरिकेतल्या हौशी मंडळींचं टेबल व्यापलेलं आहे.

या निवडीमागे कायद्याचंही एक कारण आहे. नेव्हीमध्ये काडतूस नसतं. प्रत्येक घरात पुढच्या बाजूने काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टिकली बसवायची. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा पुरातन धाटणीच्या ठासणीच्या हत्यारांना आधुनिक बंदुकीच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहावेच लागतात.

पण खरं कारण शिकण्याचं आहे. नेव्ही डोळ्यांना उलगडते. सिलिंडरच्या मधून जाणारा एक जाड दांडा, त्यावर पुढून बसणारी नळी, आणि नळी व दांडा दोन्हींतून आडवी जाणारी एक पाचर. बैलगाडीचं चाक आसावर कोण धरून ठेवतं? आसाच्या टोकाची कुणी, म्हणजे खीळ! नेव्हीची नळीही तशीच एका पाचरीवर उभी असते. पाचर बाजूला ढकलली की नळी पुढे निघते, सिलिंडर हातात येतं आणि एवढं मोठं नाव असलेलं यंत्र तीन तुकड्यांत टेबलावर पहुडतं.

चार तुकडे, दोन कमानी

आता खालचा भाग उघडू. आत काय असेल असं वाटतं? घड्याळासारखी दातेरी चक्रं? एकही चक्र नाही. हलणारे तुकडे फक्त चार: घोडा, चाप, अमेरिकन कारागीर ज्याला ‘हँड’ म्हणतात तो हात, आणि ज्याला ते ‘बोल्ट’ म्हणतात तो अडसर. सोबत दोन कमानी. एक मोठी, मुठीत उभी, घोड्याला पुढे फेकणारी. दुसरी छोटी, दोन बोटांची, तिचं एक बोट चापावर आणि दुसरं अडसरावर. हाताच्या पाठीला एक बारीक पाती लावलेली असते, ती त्याला सिलिंडरकडे रेटत राहते. बस्स, संपलं.

आता अंगठ्याने घोडा मागे ओढू, अगदी सावकाश.

घोडा मागे झुकू लागतो. हात घोड्यालाच खिळलेला आहे, म्हणून तो वर सरकू लागतो. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर सहा दाते आहेत. हाताचं टोक त्यांतल्या एका दात्याखाली शिरतं आणि त्याला वर उचलू पाहतं. पण सिलिंडर अजून फिरू शकत नाही, कारण खालून अडसराचं डोकं त्याच्या खाचेत रुतून बसलंय.

म्हणून हात दात्यावर जोर देईपर्यंत अडसर बाजूला झालेला असावा लागतो. तो कसा होतो? घोड्याच्या अंगावर एका बाजूला मुगाच्या डाळीएवढा उंचवटा आहे. अडसराच्या शेपटीला दोन पाय आहेत. एकावर छोट्या कमानीचं बोट टेकलंय, दुसरा या उंचवट्यावर टेकलाय. घोडा फिरला की उंचवटा तो पाय वर उचलतो, आणि सी-सॉवर एक पोर वर गेलं की दुसरं खाली येतं तसं अडसराचं डोकं खाचेतून खाली उतरतं. वाट मोकळी. आता हात सिलिंडरला ढकलतो आणि ते फिरायला लागतं.

साधारण अर्ध्या वाटेवर पहिला टक् ऐकू येतो. चापाचं टोक घोड्याच्या पहिल्या खाचेत पडलेलं असतं. ही अर्धी चढ. इथे अडसर खालीच राहतो, सिलिंडर हाताने मोकळं फिरवता येतं, आणि दारू-गोळी ठासायची ती याच स्थितीत.

घोडा आणखी मागे घेऊ. सिलिंडर फिरतंय, पुढचं घर नळीसमोर येतंय, पण अजून पुरतं आलेलं नाही. इतक्यात उंचवट्यावर चढलेला तो पाय घसरून खाली पडतो. कमान अडसराचं डोकं वर फेकते, ते सिलिंडरच्या अंगावर आदळतं. दुसरा टक्. आदळतं कुठे? थेट खाचेत नाही, खाचेच्या किंचित आधी. तिथे सिलिंडरवर एक उथळ उतार कोरलेला आहे. नाव धक्क्याला लागण्याआधी फळीवर टेकते तसं अडसराचं डोकं त्या उतारावर टेकतं आणि सिलिंडर फिरता फिरता ते अलगद खाचेत ओघळतं.

आणि त्याच क्षणाला, म्हणजे खरोखर त्याच क्षणाला, चापाचं टोक घोड्याच्या शेवटच्या खाचेत पडतं. तिसरा टक्. सिलिंडर बरोबर साठ अंश फिरलंय. घर आणि नळी एका रेषेत आहेत. घोडा चढलाय.

अजून एक चमत्कार राहिला. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो. तेव्हा तो उंचवटाही उलटा परत जातो. त्याने पुन्हा अडसराचा पाय उचलला, तर ऐन बाराच्या वेळी सिलिंडर सैल होईल. तसं होत नाही, कारण अडसराचा तो पाय लवचिक ठेवलेला असतो आणि उंचवट्याची परतीची बाजू तिरकी कापलेली असते. जाताना उंचवटा पायाला वर उचलतो, येताना त्याला बाजूला सारून निसटतो. पाय पुन्हा आपल्या जागी येतो, पुढच्या फेरीला तयार.

या चार तुकड्यांत एकही तुकडा एकाच कामावर समाधानी नाही. घोडा टिकलीवर आपटतो, हाताला वाहून नेतो, अडसराला उचलतो, चापाला खाचा पुरवतो, आणि त्याच्या माथ्यावरची छोटी खाच हीच नेव्हीची मागची माशी आहे. नेम धरायला माणूस घोड्याच्याच डोक्यातून पाहतो! चार माणसांच्या घरात प्रत्येकाने तीन-तीन कामं उचलावीत आणि कुणाचा कुणाला पाय लागू नये, तसा हा संसार.

टायमिंग

आपल्या गॅरेजमधल्या मेकॅनिकचा आवडता शब्द इथेही तोच आहे: टायमिंग. हौशी शिकाऊ पहिले काही आठवडे फक्त घोडा मागे ओढतो आणि ऐकतो. रिव्हॉल्व्हर रिकामी, टेबलावर दारूगोळ्याचा कणही नाही, सिलिंडरची सहाही घरं स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेली. हा नियम तिथे देवघरातल्या सोवळ्यासारखा पाळला जातो.

कान तयार झाले की दोष बोलू लागतात. सिलिंडरच्या अंगावर खाचांना जोडणारी एक चकचकीत रेघ वर्तुळाकार उमटली असेल, तर अडसर फार लवकर वर पडतोय आणि फिरत्या सिलिंडरवर घासत जातोय. तो उशिरा पडत असेल, तर घोडा झटक्यात ओढल्यावर सिलिंडर आपल्याच वेगाने खाचेच्या पुढे निघून जातं. हात आखूड असेल, तर घोडा चढतो पण घर नळीसमोर पोचत नाही. हात लांब असेल, तर सिलिंडर आधी अडकतं आणि घोडा वरच्या खाचेपर्यंत जायला कुरकुरतो. ऐकून आणि बोटांनी चाचपून निदान करायचं, वैद्याने नाडी पाहावी तसं.

निदान झालं की हात शिवशिवतात. कानस उचलावी आणि घासून टाकावं असं वाटतं. इथेच या विद्येचा सर्वांत मोठा धडा आहे. घासलेलं लोखंड परत येत नाही. आणि इथे चारही तुकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. एक बरोबर करायला गेलं की दुसरा चुकतो. म्हणून चांगले शिक्षक शिकाऊला सांगतात, की मूळ तुकड्याला हात लावायच्या आधी नवा सुटा तुकडा आणून ठेव. घासायचा तो नवा. जुना आहे तसा राहू दे, चुकलास तर परतायला घर हवं.

यात आणखी एक अडचण दडलेली असते. जुन्या रिव्हॉल्व्हरचे आतले तुकडे बाहेरून कडक आणि आतून मऊ असतात. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून त्यांना भट्टीत लाल केलं जातं. कोळशातला कार्बन पृष्ठभागात मुरतो, मग पाण्यात विझवलं की वरची पातळ कातडी काचेसारखी कठीण होते. आतला गाभा चिवट राहतो, म्हणून तुकडा धक्क्याने फुटत नाही. शिकाऊने गुळगुळीत करायच्या नादात ही कातडी घासून काढली, तर पहिले काही दिवस सगळं लोण्यासारखं चालतं. नंतर मऊ गाभा झिजू लागतो आणि घोडा खाचेत टिकेनासा होतो. लोड केलेलं असं हत्यार आपोआप सुटू शकतं. म्हणूनच चाप आणि घोडा जिथे एकमेकांना भेटतात त्या कडांना हौशी माणसाने हात लावू नये, ते काम अनुभवी गनस्मिथकडे न्यावं, यावर जाणती मंडळी ठाम असतात.

पेचकस आणि कुरुंद

मग शिकाऊ करतो तरी काय? तो सुरुवात करतो पेचकसापासून. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आपला घरातला पेचकस टोकाकडे निमुळता होत जातो. तो स्क्रूच्या खाचेत वरच्या कडांनाच टेकतो, जोर दिला की वर निसटतो आणि खाच फाटते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची असते. तिच्यासाठी पाती दोन्ही बाजूंनी आत कोरून सपाट केलेली असते, म्हणजे ती खाचेच्या तळापर्यंत भिंतींना चिकटून बसते. फाटलेल्या खाचांचा स्क्रू दिसला की जाणकार ओळखतो, इथे कुणी घाई केली आहे.

त्यानंतर पितळी हातोडी, पिना काढायचे सुंभे, बारीक फटी मोजायचं फीलर गेज. आणि कडांवरचे बारीक उंचवटे काढण्यासाठी तेलाचे दगड. नैसर्गिक दगडांत अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातला दगड नावाजलेला. बऱ्याच कृत्रिम दगडांत मुख्य घटक असतो तो कुरुंद. इंग्रजीने हा शब्द आपल्याकडूनच नेला. संस्कृतमधला कुरुविंद, तमिळमधला कुरुंदम्, तिथून तो युरोपात गेला. माणिक आणि नीलम हीसुद्धा कुरुंदाचीच रूपं. म्हणजे आयोवातल्या गॅरेजमध्ये कुणी एक खिळा घासत बसलेला असतो, तेव्हा त्याच्या बोटांखाली आपल्या भूमीचा एक शब्द फिरत असतो.

ही विद्या मिळते कुठे? कोलोरॅडोतल्या त्रिनिदाद गावच्या कॉलेजात १९४७ पासून गनस्मिथिंगचा अभ्यासक्रम चालू आहे. आयोवात बॉब ब्राउनेल यांनी १९३९ मध्ये सुरू केलेला सुट्या भागांचा आणि अवजारांचा व्यवसाय आज या हौसेचा मोठा आधार आहे. देशभरच्या कारागिरांनी कळवलेल्या युक्त्या त्यांनी ‘गनस्मिथ किंक्स’ या पुस्तकांत छापल्या. जेरी कुनहाउझेन यांनी लिहिलेली रिव्हॉल्व्हर दुरुस्तीची पुस्तकं तर कित्येक टेबलांवर तेलाच्या डागांनी माखलेली सापडतात.

गळका सांधा आणि गंजाचं कवच

रिव्हॉल्व्हरच्या रचनेत एक फट मुद्दाम ठेवलेली आहे. फिरणारं सिलिंडर आणि स्थिर नळी यांच्यात थोडी जागा लागतेच, नाहीतर सिलिंडर घासेल. आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट इंचाच्या चार ते आठ हजारांश असते. आपल्या डोक्याचा केस साधारण तीन हजारांश इंच जाड. म्हणजे दीड ते अडीच केसांची फट! पण बाराच्या वेळी त्यातून तापलेला वायू चाकूच्या पात्यासारखा बाजूला सुटतो, म्हणून तिथे कुणीही बोट ठेवायचं नसतं. बेल्जियमच्या लेऑन नागान यांनी रशियासाठी १८९५ मध्ये केलेल्या रिव्हॉल्व्हरने ही गळती बंद केली. घोडा चढवताना तिचं सिलिंडर फिरतं आणि पुढे सरकून नळीला भिडतंही, शिवाय काडतुसाचं तोंड नळीत शिरून फट बुजवतं. सुंदर युक्ती, पण चाप ओढायला त्यासाठी फार जोर लागतो. बाकीच्या जगाने ती दोन केसांची फटच पत्करली.

दुसरं आश्चर्य रंगाचं. जुन्या रिव्हॉल्व्हरचा तो गर्द निळा-काळा रंग म्हणजे रंग नव्हेच. तो गंज आहे. जुन्या पद्धतीत घासूनपुसून स्वच्छ केलेल्या पोलादावर मुद्दाम बारीक तांबडा गंज चढवतात आणि मग तो तुकडा पाण्यात उकळतात. तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, लोहचुंबक दगडात असतो तोच हा पदार्थ. वरची सैल पूड तारेच्या ब्रशने झाडायची, पुन्हा गंज चढवायचा, पुन्हा उकळायचं. असं कित्येकदा केलं की पोलादावर एक घट्ट काळं वस्त्र चढतं, आणि ते तेल धरून ठेवून तांबड्या गंजाला दूर ठेवतं. गंजानेच गंजाला अडवायचं!

टक् आवाजाची किंमत

नेव्हीच्या तीन आवाजांत कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या मॉडेलने चौथा आवाज जोडला. तो घोड्याच्या सुरुवातीच्या सुरक्षा-खाचेचा. चाहते म्हणतात, हे चार टक् म्हणजे कोल्ट नावाची चार इंग्रजी अक्षरं. पण ती सुरक्षा-खाच नाजूक होती. हत्यार घोड्यावर आपटून पडलं तर ती तुटे आणि बार उडे. म्हणून जाणते लोक सहापैकी पाचच घरं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हर खाली पडून एका खलाशाचा जीव गेला, तेव्हा त्या कंपनीने घोड्यापुढचा सुरक्षा-अडथळा नव्याने आखला. १९७३ मध्ये रूगर कंपनीने आपल्या मॉडेलांत एक पट्टी आणली. चाप ओढून धरलेला असेल तरच ती घोडा आणि काडतूस पेटवणारी फायरिंग पिन यांच्यामध्ये उभी राहते, एरवी घोडा पिनेपर्यंत पोचतच नाही. बोटभर लांबीच्या अशा पट्ट्यांमागे माणसांचे जीव आहेत, हे शिकाऊने विसरता कामा नये.

आणि या यंत्राने घेतलेले जीवही विसरता कामा नयेत. टेक्सास रेंजर्स या ज्या सशस्त्र दलाने कोल्टचं नाव मोठं केलं, त्याने हे हत्यार कोमान्ची या मूळनिवासी लोकांवर आणि मेक्सिकन सैनिकांवर चालवलं. यंत्राच्या बुद्धीचं कौतुक करताना मला हे स्पष्ट म्हणावंसं वाटतं. रचना देखणी आहे आणि हेतू मारण्याचा आहे. दोन्ही खरं आहे.

त्या बुद्धीने मात्र दुसरंही पुष्कळ जन्माला घातलं. कोल्टचा हार्टफर्डचा कारखाना ही यंत्रकामाची शाळाच होती. तिथे एलिशा रूट यांच्या देखरेखीखाली एकेका भागासाठी वेगळी यंत्रं उभी राहिली. तरीही शेवटी हातात कानस घेतलेला फिटर लागायचाच. तो तुकडे मऊ असताना जुळवून घेई, त्यांवर एकच क्रमांक ठोकी, मग ते कडक केले जात. फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी त्याच कारखान्यात तयार झाले. त्यांच्या कंपनीचं नाव पुढे विमानांच्या इंजिनांवर आलं, आज मुंबईहून उडणाऱ्या कित्येक विमानांच्या पंखाखाली ते आहे. कॅडिलॅक मोटार घडवणारे हेन्री लेलँड हेही त्याच शाळेचे. मार्क ट्वेन यांनी हा कारखाना पाहिला होता. १८८९ च्या त्यांच्या ‘अ कनेटिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ या कादंबरीचा नायक कोल्टच्याच कारखान्यातला मुकादम आहे.

आणि आपण?

आपल्या देशात ही हौस घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम शस्त्र बनवणं, बदलणं आणि दुरुस्त करणंही परवान्याखाली आणतं. घरात आजोबांची परवान्याची बंदूक असेल, तरी ती खोलण्याचा मोह टाळा आणि परवानाधारक दुकानातच न्या.

पण शिकण्यासारखं जे आहे, त्याला कुठलाही परवाना लागत नाही. आजीचं शिवणयंत्र उघडा. खालच्या शटलची वेळ सुईशी कशी जुळते ते पाहा. भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ उतरवा, त्यातला टक् कुठून येतो ते शोधा. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पहिल्या वर्षी मुलं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून तासन् तास कानस चालवतात, दोन तुकडे एकमेकांत उजेड न जाता बसेपर्यंत. त्यांच्याजवळ एकदा जाऊन उभे राहा. आधी ऐका, मग मोजा, आणि काढलेलं लोखंड परत येत नाही हे लक्षात ठेवून सर्वांत शेवटी कानस उचला. आणि या दिवाळीत मुलाचं टिकल्यांचं पिस्तूल अडलं, तर ते आपटू नका. त्याच्यासोबत बसून ते उघडा आणि त्याला आतलं ते पत्र्याचं बोट दाखवा.